ई-सिगारेटवर बंदी, निकोटिन गम मेडिकलमध्ये. पण नाशिकच्या तंबाखू खाणाऱ्यासाठी सरकारी धोरणात काय आहे?

नाशिकच्या कॉलेज रोडवर निकोटिन तीन रूपांत समोर येतं. सिगारेट टपरीवर मिळते. निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं. आणि ई-सिगारेट, म्हणजे मुलांच्या भाषेत 'व्हेप', विकताना सापडलात तर एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

तिन्हींत निकोटिनच असेल, तर तीन वेगवेगळे नियम का? सिगारेट चालते, मग व्हेप का चालत नाही?

डिसेंबर २०२५ मध्ये भाजपचे खासदार अनुराग ठाकूर यांनी तृणमूल काँग्रेसचा एक खासदार सभागृहात ई-सिगारेट ओढत असल्याचा आरोप लोकसभेत केला, तेव्हा हाच प्रश्न सोशल मीडियावर पुन्हा फिरला. रील्स झाल्या, मीम्स झाले. उत्तर मात्र अर्धवटच राहिलं.

प्रश्न रास्त आहे. पण महाराष्ट्रात, आणि खास करून नाशिकसारख्या जिल्ह्यात, तो विचारताना एक मोठा आकडा नजरेआड होतो. त्या आकड्याकडे येऊच. आधी कायदा समजून घेऊ.

कायदा नेमका काय सांगतो?

केंद्र सरकारनं १८ सप्टेंबर २०१९ रोजी ई-सिगारेटवर बंदी घालणारा अध्यादेश काढला. त्याच वर्षी संसदेच्या हिवाळी अधिवेशनात त्याचा कायदा झाला. त्यानुसार ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात यावर पूर्ण बंदी आहे. ऑनलाइन विक्रीही त्यात आली.

पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

व्हेप ओढणं हा गुन्हा आहे, असं मात्र कायद्याच्या कलमांत थेट लिहिलेलं नाही. कायद्याचा रोख बनवणाऱ्यावर, आणणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. पण म्हणून ओढणारा निर्धास्त, असंही नाही. परदेशातून एखादं उपकरण मागवलं तर ती आयात ठरते. मित्रांसाठी चार आणून दिले तर ते वितरण ठरू शकतं.

आता याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून बघा. २००३ च्या सिगारेट आणि तंबाखूजन्य पदार्थ कायद्यानुसार (लोक ज्याला 'कोटपा' म्हणतात) शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि १८ वर्षांखालच्या मुलांना विकता येत नाही. या कलमाखालचा दंड किती? २०० रुपयांपर्यंत. मुलांना तंबाखू देणाऱ्यावर बाल न्याय कायद्याखाली याहून कडक कारवाई होऊ शकते, हे खरं. पण कॉलेजच्या फाटकासमोर प्रौढ विद्यार्थ्याला सिगारेट विकणाऱ्या टपरीवाल्याच्या डोक्यावर टांगती तलवार आहे ती २०० रुपयांची. तिथंच व्हेप विकणाऱ्यावर एक लाखाची.

मग निकोटिन गमला परवानगी कशी?

याचं उत्तर ई-सिगारेटच्या व्याख्येतच आहे. कायद्यानं निकोटिनवर बंदी घातलेली नाही. पदार्थ गरम करून त्याची वाफ ओढायला लावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणावर बंदी घातली आहे, मग त्या पदार्थात निकोटिन असो वा नसो. आणि औषध व सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना असलेली उत्पादनं या व्याख्येतून स्पष्टपणे वगळली आहेत.

थोडक्यात, सरकारनं निकोटिनसाठी एकच दार उघडं ठेवलं: औषधाचं. औषध म्हणून या, किती डोस आणि किती दिवस ते सांगा, परवाना घ्या.

गम त्या दारातून आत आलं. दोन मिलिग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं, चार मिलिग्रॅमच्या गमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. निकोटिनचे पॅच आणि चघळायच्या गोळ्या हेही याच प्रकारात मोडतात. याला निकोटिन रिप्लेसमेंट थेरपी म्हणतात. शरीराला लागलेली निकोटिनची मागणी थोडी थोडी भागवायची, धूर आणि तंबाखूतली बाकीची विषं बंद करायची, आणि मग हळूहळू निकोटिनही कमी करत शून्यावर आणायचं, अशी ही पद्धत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलेल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत या उपचाराचा समावेश झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो २००९ पासून आहे.

'व्हेपमुळे सिगारेट सुटते' हे खरं आहे का?

काही अंशी, हो. हे टाळून पुढं जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

ब्रिटनमध्ये ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ई-सिगारेट दिलेल्या गटातल्या १८ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती. गम, पॅच वगैरे दिलेल्या गटात हे प्रमाण ९.९ टक्के होतं. दोन्ही गटांना समुपदेशनही मिळत होतं. जगभरच्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा निष्कर्षही त्याच दिशेचा आहे: १०० जणांनी प्रयत्न केला तर गम-पॅचच्या मदतीनं सुमारे ६ जणांची सिगारेट सुटते, निकोटिनच्या ई-सिगारेटनं सुमारे ८ ते १० जणांची.

पण त्याच ब्रिटिश अभ्यासातला दुसरा आकडा रील्समध्ये दिसत नाही. ई-सिगारेटच्या मदतीनं ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यातले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. गम-पॅचवाल्यांत उपचार चालू असलेले फक्त ९ टक्के होते. म्हणजे धूर सुटला, निकोटिन सुटलं नाही.

यावर देशादेशांत मतभेद आहेत. धूर सुटला हेच मोठं यश, असं इंग्लंडचं धोरण मानतं. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना ई-सिगारेटचं किट देण्याची योजना जाहीर केली. त्याच ब्रिटनला जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर मात्र बंदी घालावी लागली. मुलांच्या हातात त्या दिसू लागल्या, हे त्यामागचं एक मोठं कारण. ऑस्ट्रेलियानं मधला मार्ग काढला. तिथं २०२४ पासून व्हेप फक्त औषधाच्या दुकानातच मिळतात.

भारतानं बंदीचा मार्ग का निवडला?

मे २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, एक श्वेतपत्रिका काढून पूर्ण बंदीची शिफारस केली. तंबाखूला कधी हात न लावलेली मुलं या उपकरणांमुळे निकोटिनकडे ओढली जातील, ही मुख्य भीती होती. अमेरिकेचं चित्र समोर होतं. तिथं २०१९ च्या सरकारी पाहणीत हायस्कूलमधले २७.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट ओढत असल्याचं दिसलं होतं.

त्याच सुमारास अमेरिकेत व्हेपिंगशी संबंधित फुप्फुसाच्या आजाराची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथं २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. पुढं तपासात त्यामागं मुख्यतः गांजातल्या घटकाच्या द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट असल्याचं पुढं आलं. नेहमीच्या निकोटिन व्हेपला त्या साथीसाठी सरसकट दोषी धरणं म्हणूनच बरोबर ठरत नाही. पण भारताचा अध्यादेश निघाला तेव्हा हे चित्र स्पष्ट झालेलं नव्हतं.

बंदी घालणं सोपं होतं, याचं आणखी एक कारण आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात (गॅट्स) भारतातल्या ई-सिगारेट वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण होतं ०.०२ टक्के. इथं ई-सिगारेटचे मोठे कारखाने नव्हते, कामगार नव्हते, शेतकरी नव्हते. ई-सिगारेटला मतदार नव्हता.

विडीला आहे.

सिन्नरची विडी आणि कॉलेजचं नाव

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. कॉलेज रोडवरच्या बीवायके कॉलेजच्या नावातला 'बीवायके' म्हणजे भिकुसा यमासा क्षत्रिय, सिन्नरचे विडी उद्योजक. सिन्नर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात कित्येक पिढ्या बायकांनी घरात सूप मांडीवर घेऊन तेंदूची पानं कापली, जर्दा भरला, दोरा गुंडाळला आणि हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर मुलांची शिक्षणं केली. पलीकडे संगमनेरची गाय छाप तंबाखू महाराष्ट्रभर खिशाखिशात पोहोचली. तंबाखूच्या पैशातून या भागात घरं चालली आणि संस्थाही उभ्या राहिल्या.

त्यामुळे 'सिगारेट-विडीवरही बंदी घाला' असं कमेंटमध्ये लिहिणं सोपं असलं, तरी तसा निर्णय घेणारं सरकार सापडणं अवघड आहे. करांमध्येही हे दिसतं. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेट आणि खाण्याच्या तंबाखूवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. विडीवरचा जीएसटी त्याच वेळी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तंबाखूच्या किरकोळ किमतीत करांचा वाटा किमान ७५ टक्के असावा. विडी त्याच्या जवळपासही नाही. आणि विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाला हे माहीत नसतं की ही विडी एखाद्या बाईच्या रोजगारासाठी स्वस्त ठेवली आहे.

'सिगारेट का चालते' या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे: ती कमी घातक आहे म्हणून नाही, ती आधीपासून आहे म्हणून. नवी वस्तू दारात अडवता येते. घरात शिरलेली बाहेर काढायला पिढ्या जातात.

पण महाराष्ट्राचा खरा आकडा वेगळाच आहे

आता त्या आकड्याकडे येऊ.

गॅट्सच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यांत धूम्रपान करणारे किती? ३.८ टक्के. आणि तोंडातून तंबाखू घेणारे? २४.४ टक्के. काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज थोडी जास्त होते.

म्हणजे महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या सात जणांना उभं केलं, तर धूर काढणारा त्यांत जेमतेम एक निघेल. बाकीचे चुना लावून मळणारे, गुटखा किंवा मावा खाणारे, मिश्री लावणारे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तळहातावर तंबाखू मळणारा कामगार आणि पेठ-सुरगाण्याकडे सकाळी मिश्रीनं दात घासणारी आजी हे इथले नेहमीचे ग्राहक आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १०.९ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत असल्याचं दिसलं.

या सवयीचा हिशोब तोंडाच्या कर्करोगात दिसतो. जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते. जगातल्या अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक.

हा आकडा दोन्ही बाजूंना कापतो.

एक, तो ई-सिगारेटच्या समर्थकांचा युक्तिवाद इथं बराच कमजोर करतो. व्हेप हा सिगारेटला पर्याय म्हणून बनलेला आहे. ओठांत धरायचं, ओढायचं, धूर सोडायचा ही सवय ज्याला आहे त्याच्यासाठी. इंग्लंडमध्ये तंबाखू म्हणजे मुख्यतः सिगारेट, म्हणून तिथं तो हिशोब मांडता येतो. गालात बार धरणाऱ्याची तंबाखू व्हेपनं सुटते, याला तसा भक्कम पुरावा नाही. महाराष्ट्रात व्हेप खुली केली तर फायदा होऊ शकणारा गट लहान, आणि नव्यानं अडकू शकणारा विद्यार्थ्यांचा गट मोठा. त्या दृष्टीनं बंदीला इथं आधार आहे.

दोन, तोच आकडा सरकारलाही प्रश्न विचारतो. धूर काढणाऱ्यासाठी एक दार बंद केलंत, ठीक. पण उरलेल्या सहा जणांसाठी सोडण्याचं दार कुठं आहे?

नाशिकमध्ये तंबाखू सोडायची म्हटलं तर काय आहे?

कागदावर बरंच काही आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर तंबाखू मुक्तीची सेवा अपेक्षित आहे. डेंटल कौन्सिलनं दंत महाविद्यालयांना आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं वैद्यकीय महाविद्यालयांना अशी केंद्रं सुरू करायला सांगितलं आहे. नाशिकमध्ये पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठच म्हसरूळला आहे. संस्थांची वानवा नाही.

शिवाय राष्ट्रीय क्विटलाइन आहे: १८००-११-२३५६. हा नंबर मोफत आहे. २०१६ मध्ये दिल्लीत ती सुरू झाली, नंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलसह आणखी केंद्रं जोडली गेली, आणि मराठीतही बोलता येतं. सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटावर छापणं बंधनकारक आहे.

इथंच एक साधी गोम आहे. नंबर पाकिटावर आहे. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली, तरी टपरीवर एक सिगारेट मागून पाहा, काय होतं ते कळेल. घरी भाजलेल्या मिश्रीवर कुणी नंबर छापत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तरी परराज्यातून आलेला गुटखा पकडल्याच्या बातम्या नाशिककर नियमित वाचतात.

दुसरी गोम प्रश्नातच आहे. दवाखान्यात विचारलं जातं, 'सिगारेट ओढता का?' उत्तर येतं, 'नाही.' दोघंही खरं बोललेले असतात आणि तंबाखू मात्र गालातच राहते. मिश्री लावणाऱ्या बाईला तर ते व्यसन वाटतच नाही. तिच्या लेखी ते दात घासणं आहे.

गमचं गणित

गम वापरायची रीत अशी: थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचं, थोड्या वेळानं पुन्हा चावायचं. चहा-कॉफी त्याआधी पंधरा मिनिटं टाळायची, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. सिगारेट ओढणाऱ्याला हे शिकवावं लागतं. बार धरणाऱ्याला निदान गालात ठेवण्याचा भाग शिकवावा लागत नाही. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

आता खर्च पाहा. रोज दहा गम, बारा आठवडे, म्हणजे ८४० गम. एका गमला दहा रुपये धरले तर ८,४०० रुपये. त्याच बारा आठवड्यांत रोज दहा रुपयांची एक पुडी खाणाऱ्याचा खर्च होतो ८४० रुपये.

महिन्याच्या पगारावर घर चालवणारा माणूस दुसरा पर्याय निवडतो, यात त्याच्या इच्छाशक्तीचा दोष काढण्यात अर्थ नाही. गॅट्सनुसार देशातल्या तोंडानं तंबाखू घेणाऱ्या ३३.२ टक्के लोकांनी, म्हणजे दर तिसऱ्या माणसानं, आधीच्या वर्षभरात सोडण्याचा प्रयत्न केला होता. इच्छा आहे. मदत महाग आहे, किंवा ती आहे हेच माहीत नाही.

अत्यावश्यक यादीत नाव आलं म्हणजे औषध फुकट मिळतं, असं होत नाही. त्याची कमाल किंमत ठरवता येते आणि सरकारी खरेदीला आधार मिळतो. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीत पोहोचवणं हे पुढचं काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शक सूचना काढली. तिचं म्हणणं हेच: समुपदेशन आणि औषध एकत्र द्या, आणि शक्यतो मोफत किंवा कमी दरात द्या.

मग काय करता येईल?

नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्यात धूम्रपान, गुटखा किंवा खैनीचा प्रश्न आहेच आणि उत्तराला गुणही आहेत. त्याच मोहिमेत तोंडाच्या कर्करोगाची तपासणीही अपेक्षित आहे. म्हणजे 'कोण खातं' ही माहिती सरकारकडे गोळा होते. त्या 'हो'च्या पुढं काय होतं, हा प्रश्न आहे.

तिथं तीन गोष्टी जोडता येतात. प्रश्नात मिश्री आणि मळलेल्या तंबाखूचं नाव घ्यायचं. 'हो' म्हणणाऱ्याचा नंबर, त्याच्या संमतीनं, क्विटलाइनला द्यायचा, म्हणजे फोन त्यानं करण्याऐवजी त्याला येईल. आणि सोडायला तयार असलेल्याला पहिल्या दोन आठवड्यांचं औषध केंद्रातूनच द्यायचं, कारण सर्वांत जास्त लोक याच दिवसांत माघार घेतात.

ई-सिगारेटवरची बंदी कडक ठेवायची की सैल करायची, यावर वाद होत राहील. पण त्या बंदीचा नैतिक आधार एकच आहे: आम्ही धोक्याचा पर्याय बंद केला, कारण सुरक्षित पर्याय देतो आहोत. सातपूरच्या कामगाराला पुडीपेक्षा महाग पडणारा पर्याय हा दिलेला पर्याय धरता येत नाही.

तोवर एवढं करता येईल. तुमच्या घरात कुणी तंबाखू मळत असेल, मिश्री लावत असेल किंवा टपरीवरून सुटी सिगारेट घेत असेल, तर पाकिटावरचा नंबर त्यांनी कधी पाहिलेला नसेल. तो त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या: १८००-११-२३५६.